परत आलेली शाल

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो दिसला. सिॲटलहून विचारणा झाली, "आजी, त्या अंकलच्या बाजूला ती ओल्ड लेडी कोण आहे?" टोरंटोहून झाली, "आणि तिच्या हातात मार्कर का आहे?" मी नुसती हसले. उत्तर एका कॉलमध्ये मावणारं नव्हतं, आणि तुमचा प्रत्येक कॉल हल्ली पुढच्या कॉलच्या आधी संपवायचा असतो. म्हणून बसून लिहिते आहे.

ती बाई नाही. तो एक म्हातारा नट आहे. खांद्यावर जांभळी बायकी शाल आहे म्हणून तुम्ही फसलात. शेजारी मान खाली घालून उभे असलेले 'अंकल' म्हणजे आमचे अध्यक्ष, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची, पुढे एम. ए. इंग्रजीतच केलं. पण अध्यक्षांची गोष्ट इंग्रजीत सांगितली की ते नुसते विक्षिप्त दिसतात. मराठीत ते विक्षिप्तही दिसतात आणि आपल्याच घरातलेही. तेव्हा आपापल्या आईला शेजारी बसवा आणि वाचा.

मी शिस्तीची बाई आहे हे तुमच्या आयांनी तुम्हाला तक्रारीच्या सुरात सांगितलंच असेल. पुस्तकं, चादरी, मसाल्याच्या बरण्या, सगळं मी जागच्या जागी लावते. अध्यक्ष मात्र मला क्रमानं आठवत नाहीत. ते आठवतात ते गाडीची डिकी उघडून त्यात डोकं खुपसलेले.

हा काळ नव्वदच्या दशकातला. तुमचे आजोबा आणि मी नेपरव्हिलला राहत होतो, आजोबा रोज गाडीनं शिकागोला जात, मी गावातल्या वाचनालयात नोकरी करत होते. अध्यक्ष आमच्या मागच्या गल्लीत राहत. आमचं एक लहानसं मराठी मंडळ होतं, ज्यांची तळघरं मोठी त्यांच्या घरी जमणारं. त्याचे ते फक्त एक वर्ष अध्यक्ष होते, पण मंडळाला दुसरा अध्यक्ष मिळाला तरी नाव यांनाच चिकटून राहिलं. पुढे खरे अध्यक्षसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणत. मी, आजोबा, इतकंच काय, त्यांची बायकोही. तिला मी ताई म्हणत असे. ती म्हणायची, "अध्यक्ष, कचरा बाहेर ठेवा."

अध्यक्षांना व्यसन कसलंच नव्हतं, फक्त सत्काराचं होतं. गाडीच्या डिकीत शालींचा गठ्ठा कायम असे. न्यू जर्सीला कुणी गेलं की तिथल्या आयसेलिन या देशी वस्तीतल्या दुकानातून डझनानं शाली मागवत. नारळ मेक्सिकन वाण्याकडून. हिवाळ्यात डिकीतला नारळ आतून गोठून तडकतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत नारळ घरात हीटरच्या जाळीजवळ ठेवलेला असे आणि ताई त्याला ठेचकाळत असे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "वहिनी, माणूस जिवंत असताना शाल घालावी. नंतर चादर घालतातच."

या तत्त्वावर त्यांनी नेपरव्हिलमध्ये कुणाला सोडलं नाही. पोस्टमन निवृत्त झाला, शाल. ताईचा दात न दुखवता काढला म्हणून दंतवैद्याला शाल. एका सकाळी बर्फ उपसणारा अवजड ट्रक आमच्या रस्त्यावर आला, तेव्हा हे रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "कुणाला लागलं का?" त्यानं विचारलं. यांनी त्याला शाल गुंडाळली, हातात नारळ दिला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. तो बिचारा नारळाकडे पाहत म्हणाला, "हे मी कुठे नेऊन द्यायचं?"

मी ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले तो दिवस तर विसरणं शक्य नाही. मला पार्किंगमध्ये शाल मिळाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग ते परीक्षकाकडे वळले. परीक्षक दोन्ही हात वर करून मागे मागे सरकत म्हणाला, "सर, मी हे घेऊ शकत नाही. खरंच घेऊ शकत नाही." पास केलेल्या उमेदवाराचा माणूस सरकारी नोकराला भरजरी वस्तू देतो आहे, याचा अर्थ तिथे एकच होतो. माझं लायसन्स त्या दिवशी थोडक्यात वाचलं.

अध्यक्षांचं इंग्रजी जुन्या टीव्हीमधून आलेलं होतं. साठच्या दशकाच्या शेवटी ते इंजिनियरिंग शिकायला एकटे शिकागोला आले आणि एका म्हातारीच्या तळघरातली खोली घेऊन राहिले. त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या दाराशी कुणीही आलं नाही. शेजारपाजारच्यांनी कुतूहलानंसुद्धा डोकावलं नाही. तळघरात म्हातारीचा जुना टीव्ही होता, आणि त्यावर संध्याकाळी एक विनोदी कौटुंबिक मालिका लागायची. त्यातल्या वडिलांचं, मुलांचं अध्यक्षांना काही नव्हतं. त्यांचा जीव होता शेजाऱ्यावर. चौकड्यांचा कोट घातलेला हा शेजारी प्रत्येक भागात हातात रिकामा कप घेऊन मागच्या दारानं, दार न वाजवता, थेट स्वयंपाकघरात यायचा. साखर मागायचा. जाताना म्हणायचा, "हा आत्ता परत आणतो." मालिका किती वर्षं चालली कोण जाणे, कप कधीही परत आला नाही.

"वहिनी, मला वाटलं हा देश आपल्यासारखाच आहे," अध्यक्ष सांगत. "फक्त माझ्या गल्लीतली माणसं जरा बिझी असतील."

लग्न झालं, नोकरी लागली, नेपरव्हिलला घर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांनी शेजारधर्म पाळायचं ठरवलं. रिकामा कप घेतला, बाजूच्या घराचं मागचं दार ढकललं आणि हसतमुखानं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. तिथली बाई सिंकपाशी होती. तिनं जी किंकाळी फोडली ती ताईनं आपल्या घरात ऐकली. पोलीस आले. अध्यक्ष अंगणात कप हातात धरून उभे, आणि पोलीस विचारतोय, "सर, तुम्ही आत कशासाठी शिरलात?" "साखरेसाठी." "तुमच्याकडे साखर नाही?" "आहे ना, भरपूर आहे."

ताई सांगायची, "तो पोलीस चांगला म्हणून सुटले. आणि सुटल्यावर काय केलं असेल? ठाण्यावर जाऊन त्याला शाल घालून आले!"

हे सगळं मंडळाच्या जुन्या लोकांना पाठ होतं. मग पुण्या-मुंबईहून, नागपूरहून सॉफ्टवेअरवाली तरुण मुलं आली, मंडळात शिरली, हौसेनं कामाला लागली आणि साहजिकच कार्यकारिणी त्यांच्या हातात गेली. मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आलं होतं. आमच्या तळघरात कार्यक्रम ठरवायची मीटिंग झाली. मी चहा करत होते, पण कान तिकडेच.

"काका, सत्काराचा आयटम आपण कॅन्सल करतोय," नवा सेक्रेटरी म्हणाला. मुलगा पुण्याचा, बोलायला गोड. "आउटडेटेड वाटतं हो. घेणारा शाल कपाटात टाकतो. माझ्याकडेच तुमच्या तीन आहेत."

"चौथी मिळणार नाही तुला," अध्यक्ष म्हणाले.

"तसं नाही काका. पण सीरियसली सांगा, कुणाला काय फरक पडतो यार? ज्याला घालतो त्यालाही माहीत असतं की ही फॉर्मॅलिटी आहे."

अध्यक्ष खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "बरं. त्या मालिकेतला शेजारी अजून आहे. पुढच्या महिन्यात विमानतळाजवळच्या हॉटेलात जुन्या नटांचा सह्यांचा मेळावा आहे, तिथे तो येणार आहे. त्याला मराठी येत नाही, शाल म्हणजे काय ते ठाऊक नाही, मंडळाकडून त्याला काही नकोय. त्याची फॉर्मॅलिटी नाही ना? मी त्याला शाल घालतो. त्यानं ठेवून घेतली तर सत्कार कार्यक्रमात राहील. नाही घेतली, तर डिकीतल्या सगळ्या शाली मंडळाला देऊन टाकतो. नाटकाचे पडदे शिवा त्यांचे. पुन्हा आयुष्यात कुणाला शाल घालणार नाही."

मुलांना गंमत वाटली. "डन, काका!" ताई माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "पडदे चांगले होतील गं." पण तिचा चेहरा तसा नव्हता.

मेळाव्याला मला का नेलं, तर प्रास्ताविकासाठी. सत्कार म्हटला की आधी प्रास्ताविक, मग परिचय, मग प्रत्यक्ष सत्कार, मग उत्सवमूर्तीचं मनोगत आणि शेवटी आभार. यातली एकही पायरी अध्यक्षांना गाळायची नव्हती. "वहिनी, तुमचं इंग्लिश कॉन्व्हेंटचं. माझं टीव्हीचं. प्रास्ताविक आणि परिचय तुमच्याकडे." मी म्हटलं, तिथे रांग असेल, लोक खोळंबतील. ते म्हणाले, "मग परिचय थोडा आटोपता घ्या. जन्मगाव गाळा."

मार्चमधला शनिवार होता, रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग. अध्यक्ष ड्राइव्ह करत होते, ताई शेजारी, मी मागे. ताईनं जांभळी शाल अंगाभोवती घट्ट लपेटली होती. तीही डिकीतलीच, लग्नाच्या वाढदिवसाला सत्कारात मिळालेली. अध्यक्ष नेहमीप्रमाणे बडबड करत नव्हते. हायवेला लागल्यावर आरशातून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. कुणाला ऊब लागते का हो शालीची? की सगळे माझं मन राखतात?"

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "समोर बघून चालवा."

हॉटेलच्या दाराशीच अडलो. सुरक्षारक्षकानं पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

"बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

मी माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत समजावलं, की हे खायचं नाही, हे मान देण्यासाठी आहे. रक्षकानं नारळ हातात जोखला, एकदा हवेत उडवून झेलला.

"मॅडम, खायचं नसेल तर मग ही वस्तू याहून वाईट आहे. हिनं एखाद्याचं डोकं फुटेल."

खाद्य म्हणूनही बंदी आणि खाद्य नाही म्हणूनही बंदी. शेवटी नारळ कोट ठेवायच्या खिडकीत गेला. तिथल्या मुलीनं गंभीरपणे त्याच्या नंबराचा बिल्ला माझ्या हातात दिला आणि नारळ रीतसर हँगरखाली ठेवला.

"श्रीफळाशिवाय सत्कार..." अध्यक्ष पुटपुटले.

"चला हो," ताई म्हणाली. "शाल आहे ना?"

आतलं दृश्य तुम्हाला कसं सांगू? आपल्याकडची जत्रा आठवा. भिंतीकडेनं घडीची टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक जुना नट किंवा नटी, पुढे स्वतःच्या तरुणपणीच्या फोटोंची चवड आणि सहीचा दर लिहिलेली पाटी. नवसाला पावणाऱ्या देवांपुढे लांब रांग, न पावणाऱ्यांपुढे कुणी नाही. ज्यांच्यापुढे कुणी नव्हतं ते फोटोंची चवड पुन्हा पुन्हा सारखी करत होते. एका मालिकेत गोंडस लहान भावाचं काम केलेला मुलगा आता टकला, सुटलेल्या पोटाचा गृहस्थ झाला होता, आणि आलेला प्रत्येक जण त्याला ते बोबडं वाक्य एकदा म्हणून दाखवायला सांगत होता. तो म्हणत होता. म्हणताना डोळे मिटत होता. मालिकांमधली एक आदर्श आई टेबलाखाली लपवून सँडविच खात होती. आणि भक्त असे, की नटांना स्वतःचं आठवत नसेल ते यांना आठवत होतं. "पाचव्या भागात तुमचा स्वेटर निळा होता की हिरवा?" एकानं विचारलं. नटी म्हणाली, "बाळ, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता."

आमच्या शेजाऱ्यापुढे बरी रांग होती. ऐंशीच्या घरातले, वाळलेले, अंगात तोच चौकड्यांचा कोट, आता दोन मापांनी मोठा झालेला. टेबलावर सजावटीसाठी एक रिकामा कप. बाजूला त्यांची मुलगी. धिप्पाड, घड्याळाकडे नजर ठेवून. ती प्रत्येकाकडून वस्तू घेऊन वडिलांपुढे सरकवत होती, वडील सही करत होते, ती वस्तू परत देत होती. वर न बघता. फोटो, मासिक, डबा, एकाची तर टोपी. पुढे आलेल्या वस्तूवर सही होत होती, इतकंच.

आमची पाळी आली. अध्यक्षांनी पिशवीतून शाल काढली, दोन्ही हातांवर उलगडली आणि तिथेच त्यांचा पुतळा झाला. ज्या माणसानं बर्फाचा ट्रक थांबवला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी घाईनं सुरू केलं, "आज या ठिकाणी आपल्यामध्ये..." हो, 'या ठिकाणी' मी इंग्रजीतसुद्धा म्हणाले. तेवढ्यात मुलीनं अध्यक्षांच्या हातावरची शाल उचलली, टेबलावर पसरली, सुरकुती काढली. आणि त्या गृहस्थांनी जाड काळा मार्कर घेऊन शालीच्या काठावर झोकदार सही ठोकली. खाली लिहिलं, "हा आत्ता परत आणतो." मुलीनं शालीची नीट घडी घातली आणि परत अध्यक्षांच्या हातात ठेवली.

"पुढे," ती म्हणाली.

आमच्या मागे मालिकेचं चित्र छापलेला टीशर्ट घातलेला एक जाडजूड माणूस होता. तो मोठ्यानं हसला. "बघा रे! आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काहीतरी परत केलं!" सगळी रांग हसली. ते म्हातारे गृहस्थही हसले.

अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. घातलेली शाल कुणी परत देत नाही, रे बाळांनो. न आवडलेला माणूसही परत देत नाही. घडी घातलेली ती शाल छातीशी धरून ते बाजूला सरकायला लागले होते. डिकीतल्या शालींचे पडदे झाल्यातच जमा होते.

मग मात्र मी प्रास्ताविक सोडून दिलं आणि टेबलाला हात टेकून सरळ बोलले. त्यांचं-माझं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते.

"सर, ही सहीसाठी नव्हती. तुमच्यासाठी होती. आमच्याकडे एखाद्यानं चांगलं काम केलं की त्याच्या खांद्यावर घालतात."

म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली. एक कान पुढे केला. "चांगलं काम? मी काय केलं?"

"सांगा," ताईनं अध्यक्षांना कोपरानं ढोसलं. "आता बोला की!"

अध्यक्ष बोलले. त्यांचं ते टीव्हीतून उचललेलं, तीस वर्षं मागे राहिलेलं इंग्रजी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणाला जुनं वाटलं नसेल. "सर, मी या देशात आलो तेव्हा तळघरात राहत होतो. सगळ्या हिवाळ्यात माझ्या दारी कुणी आलं नाही. फक्त तुम्ही आलात. रोज संध्याकाळी. मागच्या दारानं, दार न वाजवता. पुढे मीही तसाच एका घरात गेलो, तर पोलीस आले. पण तुम्हाला मी दोष देत नाही."

मुलीनं घड्याळ बघायचं सोडलं. ते गृहस्थ टेबलावरून पुढे वाकले.

"अरे बाळा," ते म्हणाले, "मी दार वाजवत नव्हतो, कारण ते दार प्लायवुडचं होतं. पहिल्या दिवशी वाजवलं, तर स्वयंपाकघराची आख्खी भिंत हलली आणि घड्याळ पडलं सूपच्या भांड्यात. दिग्दर्शक म्हणाला, उद्यापासून न वाजवता ये."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ज्या शेजारधर्मापायी या माणसानं पोलीस ओढवून घेतले, सबंध गावाला शाली घातल्या, त्याच्या मुळाशी एक हलणारी भिंत होती. आता हे कोसळणार असं मला वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "प्लायवुड!" ते मराठीत म्हणाले. "अगं, प्लायवुड!"

ताईनं आपल्या अंगावरची जांभळी शाल काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. "घ्या. ही घाला एकदाची. रांग तुंबलीय."

अध्यक्षांनी टेबलाला वळसा घातला. शाल उलगडलेली पाहताच त्या गृहस्थांनी सवयीनं मार्कर उचलला. "हिच्यावर नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. मग त्या मोठ्या झालेल्या कोटावर जांभळी शाल पडली. खांदे इतके उतरते होते की अध्यक्षांना ती पुढून धरून ठेवावी लागली.

"आता काय करायचं?"

"आता तुमचं मनोगत," मी म्हटलं. पायरी गाळायची नव्हती.

त्यांनी शालीवरून हात फिरवला. "मला कधी दोन वाक्यांहून जास्त दिलीच नाहीत हो." मग शालीकडे बघत, तो जुना सूर लावून ते म्हणाले, "हा आत्ता परत आणतो."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष इंग्रजी विसरले. "नको," ते म्हणाले. "ठेवा."

आणि गृहस्थांना ते कळलं. त्यांनी शाल दोन्ही हातांनी गळ्याशी ओढून घेतली. मग अध्यक्षांच्या काखेतली सहीची शाल त्यांनी काढली, झटकली आणि अध्यक्षांच्या खांद्यावर टाकली, उलटीसुलटी. "असंच ना?"

टीशर्टवाल्यानं त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्यातून फोटो काढला. म्हणून अध्यक्षांची मान खाली आहे आणि गृहस्थांच्या हातात अजून मार्कर आहे. मागे उभी राहून मी विचार करत होते, की गावातल्या सगळ्यांना शाल मिळाली, मला मिळाली, पोलिसाला मिळाली. या माणसाला कुणी कधी घातली होती? मला एकही प्रसंग आठवेना.

त्यानंतर अध्यक्षांना आवरणं कठीण झालं. पार्किंगमध्ये जाऊन ते डिकीतला सगळा गठ्ठाच घेऊन आले, आणि ज्यांच्यापुढे रांग नव्हती त्या सगळ्यांना शाली घालत सुटले. सँडविचवाल्या आईला, बोबड्या टकल्याला. थोड्या वेळानं तो हॉल हुबेहूब आमच्या मंडळाच्या व्यासपीठासारखा दिसू लागला. फक्त कुणी भाषण लांबवत नव्हतं.

परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर अध्यक्षांनी एकदम ब्रेक दाबला. "श्रीफळ!"

"राहू दे," ताई म्हणाली. "त्या कोटाच्या खिडकीतल्या मुलीचा सत्कार झाला समजा."

मंडळाच्या पुढच्या मीटिंगला फोटो दाखवला. त्यावरही वाद झालाच. "काका, टेक्निकली पहिली शाल त्यानं रिटर्नच केलीय ना?" सेक्रेटरीनं विचारलं. अध्यक्षांनी फोटोवर बोट ठेवलं. "दुसरी बघ. घातली आहे का? घेऊन गेला आहे का? मग?" सत्कार कार्यक्रमात राहिला. रौप्यमहोत्सवात कार्यकारिणीनं एकमेकांना शाली घातल्या, अगदी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे. पहिली शाल त्या पुण्याच्या सेक्रेटरीनं घेतली. चौथी.

पुढे आम्ही भारतात परतलो. काही वर्षांनी अध्यक्ष गेले. त्यांच्या मुलानं अंगावर घालायला शाल आणली तेव्हा ताईनं ती बाजूला ठेवली आणि पांढरी चादर घातली. "त्यांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "शाल आधी." गेल्या महिन्यात तिनं नेपरव्हिलचं घर विकलं आणि मला एक पार्सल पाठवलं. पाठोपाठ फोन आला, "अगं, तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे शालींना काय तोटा!"

तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं झाली. ते गृहस्थ आता नाहीत, जांभळी शाल कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि नारळाचा कोटाच्या खिडकीतला बिल्ला माझ्या जुन्या पर्समध्ये आहे. सही केलेली शाल माझ्याकडे आहे. काठ विरला आहे, शाई गेलेली नाही. सकाळी लिहायला बसते तेव्हा मी ती गुडघ्यांवर घेते. ऊब लागते.